तेबोराच्या वाटणीचं पाणी

बंडाबर्ग, २ मे

ती. अकेनेतेताईस,
सा. न. वि. वि.

मौरी! इथे मला मौरी म्हणून नमस्कार करायला कुणी नाही, म्हणून तुलाच करते. तुझं मार्चमधलं पत्र काल हातात पडलं. बेटावरचा फोनचा टॉवर मुका झाल्यापासून आपण दोघी आजीच्या काळात जाऊन पडलोय. पाकिटातून चिमूटभर वाळू निघाली. ती मी झटकली नाही, रुमालात बांधून उशाशी ठेवलीय. हस, खुशाल हस.

इथे टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. खाली मान घालून तोडत राहायचं. संध्याकाळी पाठ माझीच आहे की उसनी आणलीय, ते कळत नाही. मुकादम तसा भला माणूस, पण दोन महिने झाले तरी त्याला रोरेती म्हणता येत नाही. रोझी म्हणून हाक मारतो आणि मी ओ देते. बाबांना हे सांगू नकोस, नाहीतर घराण्यातल्या सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवतील. एक गोष्ट मात्र मला अजून बघवत नाही. इथली माणसं नळ सोडून ठेवून गप्पा मारत हात धुतात. मी जाऊन नळ बंद करते, मग बायका मला हसतात.

तुमच्याकडे पाऊस नाही त्याला सात महिने झाले. त्यात फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीचं पाणी बाबांच्या बबाईच्या अळवाच्या खड्ड्यात शिरलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच. आणि एवढी मोठी गोष्ट तू दीड ओळीत उरकलीस! नीट कळव. त्या खड्ड्यात माझ्या तेबोराचं रोप आहे. ती जन्मली त्या आठवड्यात बाबांनी स्वतः खाली उतरून लावलेलं, तिच्या लग्नात उपटायचं म्हणून. दहा वर्षांचा कंद आता केवढा झाला असेल! बाबांना विचारायची सोय नाही, हे मला ठाऊक आहे. खताला कुठला पाला, किती, कुठल्या चंद्राला घालायचा, हे सगळं फक्त इओआनेदादाला सांगायचं त्यांनी ठरवलं होतं आणि दादा तर होडीसकट गेला. मुलींना सांगितलं तर गुपित सासरी जातं, म्हणे. तुझं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही, तरी म्हातारा आपला अजून आपल्या सासरला भितो.

सोबतची चिठ्ठी तेबोराला दे. आता मोठी झाली, तिची ती वाचेल.

विहिरी आटल्या तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
रोरेती

(चि. तेबोरा, मावशीला त्रास देऊ नकोस. आजोबांचं ऐक. आणि तुझ्या रोपाला जप हं. ते जगलं की आई आलीच म्हणून समज. – आई)


ओनोतोआ, २७ मे

चि. रोरेतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि तेबोराने चिठ्ठी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. तीन वेळा वाचली, घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवली. तिथून ती अजून बाहेर आलेली नाही.

शाळेची गंमत सांगते. तारावाहून, थेट राजधानीतून, दोन बाया आम्हा मास्तरणींना शिकवायला तीन दिवस येऊन राहिल्या. मुलांना समुद्राची भीती वाटते, ती दाबू नका, बोलती करा, असं त्यांचं म्हणणं. चांगल्या होत्या ग, मनापासून सांगत होत्या. जाताना एक थैली देऊन गेल्या. तिच्यात पुठ्ठ्याचे पाच चेहरे आहेत: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला आणि गप्प. रोज सकाळी मुलांनी आपल्या मनासारखा चेहरा उचलायचा. आपल्याकडे चारचौघांत रडका चेहरा कोण उचलणार? हसरा चेहरा एकच आणि बावीस हात! पहिल्याच दिवशी त्यावरून दोन मुलींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या.

त्या बायांनी आणखी एक सांगितलं होतं, की भीतीला नुसतं बोलू देऊन भागत नाही, तिला काम द्यावं लागतं. ते मला पटलं. म्हणून मी मुलांना सांगितलं की प्रत्येकाने बेटावरची एक गोष्ट जपायची. कुणी केवड्याचं झाड निवडलं, कुणी विहिरीचा काठ, एकाने आपलं डुक्कर निवडलं. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्रत्येकाने एक गोष्ट वाचवली तर बेट वाचेल. स्वतःच्याच वाक्यावर मी इतकी खूश झाले की ते अजून पुसलेलं नाही. तेबोराने अर्थातच आपलं रोप निवडलं.

आणि तिथे माझी अक्कल चरायला गेली. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी, चांगली चाळिशी उलटलेली मास्तरीण, बावीस पोरं आणि बावीस वह्या घेऊन बाबांच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. बाबा माडावर नीरा काढत होते. खाली उतरले, कमरेला कोयता तसाच. म्हणाले की शाळेने शाळेतलं शिकवावं, त्यांचा खड्डा म्हणजे काही फळा नव्हे. एवढंच. पण तोंड असं झालं होतं की पोरं वह्या मिटून पळाली. तेव्हापासून बाबा माझ्या हातचं जेवत नाहीत. दिवसभर मनेआबात, गावाच्या सभेच्या छपराखाली, आपल्या घराण्याच्या जागेवर एकटे बसून असतात आणि खड्ड्याकडे कुणाला फिरकू देत नाहीत.

पाण्याचं म्हणशील तर विहिरी खारट झाल्यात. शाळेच्या टाकीत थोडं गोडं पाणी आहे, त्यातली माणशी एक बाटली मधल्या सुट्टीत मुलांना वाटतो. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी. तेबोरा जरा वाळलीय, ओठ फुटलेत. उन्हाने असेल. काळजी करू नकोस.

असशील तिथे सुखी राहा आणि आमची आठवण कोरडी पडू देऊ नकोस.

तुझी,
अकेनेतेताई


बंडाबर्ग, १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची बाई जागी झाली. बावीस पोरं घेऊन बाबांच्या खड्ड्यावर! लहानपणी मला त्यांच्या खांद्यावरून खड्ड्यात वाकून बघताना त्यांनी पकडलं होतं, ते विसरलीस? माझा कान आठवडाभर लाल होता. आता तुझा झाला असेल. थोडे दिवस जाऊ दे. काकवी घालून नीरफणसाच्या वड्या कर आणि न बोलता पुढ्यात ठेव. राग मोठा असला तरी गोडघाशा आहे म्हातारा.

तेबोराने रोप निवडलं हे वाचून मात्र ऊर भरून आला. तिला सांग, आई म्हणते शाबास. सांग की आई रोज त्या रोपाची आठवण काढते. मला खरंच वाटतं ग, की ते आहे तोवर माझं तिथे काहीतरी रुजलेलं आहे. नोव्हेंबरात हंगाम संपतो. तोवर त्याला जप म्हणावं.

तिच्या ओठांना खोबरेल लाव. बाकी तू आहेस, म्हणून मी इथे निर्धास्त आहे. हा भरवसा असाच राहू दे.

तुझी,
रोरेती


ओनोतोआ, १६ जून

चि. रोरेतीस,
आशीर्वाद.

आधी बसून घे. तेबोरा जिवंत आहे, हे पहिल्यांदा लिहिते आणि मग बाकीचं.

सोमवारी दुसऱ्या तासाला ती बाकावरून खाली पडली. अंगात कसकस होती आणि जीभ खरखरीत. मी तिला उचलून दवाखान्यात पळत नेलं. उचलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातात वजनच नाही. रोज मी तिची वेणी घालत होते, रोरेती. रोज. नर्सबाईंनी विचारलं की पोरगी पाणी किती पिते. मी छाती पुढे काढून सांगितलं की शाळेत एक बाटली, घरी दोन वाट्या. नर्सबाई म्हणाल्या की या पोटात चार-सहा दिवसांत गोडं पाणी गेलेलं दिसत नाही, गेलंय ते विहिरीचं खारं.

मग मी बाबांना न विचारता खड्ड्यावर गेले. खाली सगळीकडे मिठाचा पांढरा पापुद्रा धरलाय. पानं पिवळी पडून लोंबतायत. फक्त तेबोराच्या रोपाभोवती, वीतभर जागेत, माती काळी आणि ओली होती. पायऱ्यांवर तिची पावलं होती, येतानाची आणि जातानाची, एकावर एक, किती दिवसांची कोण जाणे. बाबा मनेआबात बसलेले असताना आपल्या वाटणीचं सगळं पाणी ती त्या रोपाला पाजत होती आणि तहान मारायला विहिरीचं पीत होती.

मी विचारलं तर म्हणाली की फळ्यावर लिहिलंय ना. आणि खिशातून तुझी चिठ्ठी काढून दाखवली. घामाने अक्षरं फुटलीत, पण तिला तोंडपाठ आहे. रोप मेलं तर बेट बुडणार आणि आई येणार नाही, असा तिचा हिशेब. माझं वाक्य आणि तुझं वाक्य, दोन्ही तिने जोडली. मी वीस वर्षं मुलांना शिकवतेय. भीतीला काम द्या, म्हणे! मी दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर अख्खं बेट दिलं आणि वर फळ्यावर लिहून ठेवलं.

आता तर कहर झालाय. आम्हाला सगळं कळलंय हे तिला कळलं, तशी ती पाणी घेतच नाही. ओठ मिटून घेते. नर्सबाई आणि मी नाक दाबून चमच्याने नारळपाणी घालतो, त्यातलं निम्मं बाहेर येतं. काल आमची पाठ वळली तेवढ्यात वाटी घेऊन सरपटत दारापर्यंत गेली होती. सलाईनच्या चार बाटल्या होत्या, दोन संपल्या. रेडिओवरून तारावाला विमान मागितलं, तर विमान दुरुस्तीला. हे पत्र जहाजाने पाठवते आहे.

मी समजावलं, रागावले, पाया पडले. रोप जगेल असं म्हटलं, तर म्हणते, मग पाणी घाल. मरेल म्हणायची माझी छाती नाही. बाबा दवाखान्याच्या दाराशी येतात, उंबऱ्याबाहेर बसतात आणि न बोलता निघून जातात.

मला शिव्या दे. पण लवकर लिही.

अकेनेते


बंडाबर्ग, २ जुलै

ती. ताईस,
सा. न.

पत्र टोमॅटोच्या ओळीत उभ्यानेच वाचलं. पुढचं काही आठवत नाही, बायकांनी खोलीवर आणलं. माझं १४ तारखेचं पत्र पोचलं असेल तर ते तिला दाखवू नकोस. जाळून टाक. त्यात मी शाबास लिहिलंय. देवा, मी शाबास लिहिलंय!

तारावाला चार वेळा फोन लावला. निरोप देतो म्हणाले. पोचला का? मुकादमाकडे गेले. तो म्हणाला की मुदत मोडून गेलीस तर पुन्हा तुझं नाव लागणार नाही. मी म्हटलं, नाही लागलं तर नाही. पण मग त्यानेच नकाशा पुढ्यात घेऊन दिवस मोजून दाखवले. तारावापर्यंत कशीबशी जाईन, तिथून पुढे विमान नाही, जहाज महिन्याने. ताई, मी पोचेन तेव्हा कुणाला भेटायला पोचेन? इथे माझ्या खोलीत नळ आहे. मी तो सोडते आणि त्याच्याकडे बघत बसते.

दोष तुझा नाही. माझा आहे, मी आई आहे. सोबतचं बाबांना वाचून दाखव. त्यांनी ऐकलं नाही तर त्यांच्या पायावर डोकं ठेव. तुझ्यावाचून मला तिथे कुणी नाही.

रोरेती

(ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.
मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. गुपितही मागत नाही. एकच करा. तेबोरा तुमचा शब्द खरा मानते. तिला सांगा की तुम्हाला असा पाला ठाऊक आहे, असा मंत्र ठाऊक आहे, की रोप पाण्यावाचून जगेल. नसेल ठाऊक तर खोटं सांगा. बाबा, एवढं एक खोटं बोला.
तुमची रोरेती)


ओनोतोआ, १८ जुलै

चि. रोरेतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तोवर तेबोराला आम्ही चमच्या-चमच्याने नारळपाणी घालूनच कशीबशी तगवली होती. बाबांना मनेआबात वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग चटईच्या कडेचे दोरे ओढत म्हणाले की रोरेतीला लिही, तेच तर चाललंय फेब्रुवारीपासून.

मला काहीच कळलं नाही. उठताना त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी सगळी पोरं घेऊन खड्ड्यावर ये. वह्यांसकट. आणि ती तोंडांची थैलीही आण.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः तेबोराला चटईत गुंडाळून उचलून आणलं आणि खड्ड्याच्या काठावर, केवड्याच्या सावलीत निजवलं. पोरं लांब उभी होती. त्यांना हात करून जवळ बोलावलं, अगदी काठाशी, वाकून बघा म्हणाले. मग खाली उतरले आणि तेबोराच्या रोपाला हात घातला. मी ओरडणार होते. पण ओरडायला वेळच मिळाला नाही, एका हाताने रोप वर आलं. दहा वर्षांचा कंद, रोरेती. तो काढायला दोन गडी लागतात. एका हाताने आला. खालून सगळा कुजलेला, उरलेला भाग नारळाच्या करवंटीएवढा. वास सुटला. पोरांनी नाकं धरली.

बाबा तो घेऊन वर आले आणि तेबोराशेजारी बसले. मी आजवर त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलेलं नाही. म्हणाले की भरती ओसरली त्याच दिवशी त्यांनी खड्ड्यातलं पाणी चाखून पाहिलं होतं आणि तेव्हाच त्यांना कळलं होतं की हे रोप मेलं. हेच नाही, सोळाच्या सोळा. तरी पाला घालत राहिले, त्यांच्या वडिलांनी दिलेले मंत्राचे शब्द म्हणत राहिले आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. त्या दिवशी मुलांना हाकललं ते गुपित झाकायला नव्हे. गुपित हरलंय, हे झाकायला. साठ वर्षं खड्डा राखणाऱ्या माणसाला जे जमलं नाही, ते तेबोराच्या एका बाटलीने कसं जमणार होतं? तिने मारलं नाही. तिला वाचवताही आलं नसतं. आजोबाला लाज वाटली म्हणून तो गप्प राहिला आणि त्याच्या गप्प बसण्याची किंमत पोरीने आपल्या पाण्याने भरली. असं म्हणाले आणि रडायला लागले. इओआनेच्या वेळी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग नाक पुसून त्यांनी थैली मागितली. पाचही चेहरे मांडीवर मांडले, पुरवणी तपासावी तसे उलटेपालटे करून पाहिले आणि कुरकुरले की यात एकही म्हातारा नाही. शेवटी रडका उचलला, तेबोराच्या चटईवर ठेवला आणि सांगितलं की आज आजोबाचा हा. तेबोराने तो हातात घेतला. मग शेजारच्या मुलीने तिच्याकडे मागितला. मग आणखी एकाने. या वेळी भांडण नाही, झिंज्या नाहीत. रडका चेहरा एकच आणि बावीस हात. केवड्याच्या झाडाची जबाबदारी घेतलेला मुलगा म्हणाला की तो रोज रात्री झाडाखाली कान लावतो, समुद्र आला का बघायला. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि मी त्यांची मास्तरीण.

तेबोराने विचारलं की मग आई येणार नाही का. बाबा म्हणाले की तिच्या आईचं येणं मुकादमाच्या आणि विमानाच्या हातात आहे, अळवाच्या पानाच्या नाही. आया वेड्यासारखं काहीबाही लिहितात, तिची आजीही लिहायची. मग त्यांनी तिला उठवून बसवलं, आणि वाटी तिच्या ओठाला लावली. ती प्यायली. उलटी झाली. पुन्हा प्यायली.

त्यानंतर बाबांनी वह्या उघडायला लावल्या आणि सगळं सांगितलं. कुठला पाला, किती, कसा चिरायचा, रोपाभोवतीचं कडं कसं विणायचं, कुठल्या चंद्राला. ज्याला कुठे गोडी माती सापडेल त्याने करावं, म्हणाले. सगळी पोरं लिहीत होती आणि समोर खड्डा मेलेला. मला ते बघवेना.

रोरेती, सगळं ठीक झालं असं समजू नकोस. तेबोरा अजून चालत नाही. लघवीवर लक्ष ठेवा, असं नर्सबाई सांगतात. पाऊस नाहीच. बाबा आता खड्ड्याकडे जात नाहीत, आणि जायला कुठे नाही म्हणून मनेआबात बसून राहतात. पण परवापासून माझ्या हातचं जेवतात. फळ्यावरचं वाक्य मी पुसलं. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

तू मुदत मोडू नकोस. तेबोराचं पत्र सोबत आहे, मी उघडून पाहिलेलं नाही. आमच्यावरचा राग गेला की लिही, आणि नाही गेला तरी लिही.

तुझी,
अकेनेतेताई


ओनोतोआ, १८ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे वरचं कसं लिहायचं ते मावशीने सांगितलं. बाकीचं माझं आहे.

माझं रोप मेलं. मी नाही मारलं. आजोबा म्हणाले ते आधीच मेलं होतं. त्याचा वास फार घाण येत होता.

दवाखान्यात मला खिडकीजवळची जागा आहे. नर्सबाई घोरतात. भेटायला येणाऱ्या मुली सांगतात, मावशी फळ्यावर लिहिताना आता मध्येच थांबते आणि त्यांना विचारते, असं लिहू का.

आजोबांनी पाल्याचं सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडे पण वहीत आहे, पण शेवटी एक गोष्ट आहे ती त्यांनी कुणाला लिहू दिली नाही. ती त्यांनी काल फक्त मला सांगितली. ती कुणालाच सांगायची नाही, मावशीला पण नाही. पत्रात तर नाहीच. तू आलीस की मी तुझ्या कानात सांगीन. आजोबांना विचारलं, चालेल म्हणाले.

तू नोव्हेंबरात आलीस तर नोव्हेंबरात सांगीन. नाही आलीस तर नंतर सांगीन. तोपर्यंत मी विसरणार नाही आणि माझ्या वाटणीचं पाणी मीच पिणार आहे.

तुझी,
तेबोरा